मदत हवी आहे : उजनीच्या बॅकवॉटरला खेकड्याच्या पिंजऱ्यात आमिष काय लावू?

सीनाकाठ :
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. करमाळा तालुक्यात उजनीच्या काठाला मामांचं शेत आहे, महिन्याला दोन खेपा होतातच. आखाड लागल्यापासून वडिलांनी खेकड्याच्या रश्श्याचं मनावर घेतलंय. बाजारातले त्यांना चालत नाहीत. टोपलीत दोन-दोन दिवस राहून नांगीत मांस उरत नाही म्हणतात, आणि ते खरंच आहे.

म्हणून जाळीचे घडी होणारे दोन पिंजरे घेतले. तीन खेपा झाल्या, खेकडे मिळाले दोन.

पहिल्या वेळी चिकनवाल्याकडून कोंबडीची आतडी आणली आणि पिंजऱ्याच्या मधल्या पिशवीत भरली. दुपारी चारला पाण्यात सोडली, सकाळी बघतो तर पिशवी धुतल्यासारखी रिकामी आणि आत पाच चिलापी मासे. दुसऱ्या खेपेला एकाने सांगितलं, मासळी कुजवून लावा, वास लांबवर जातो. दोन दिवस उन्हात ठेवलेली डोकी लावली. गाडीला आठवडाभर वास राहिला, पिंजऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यांदा ज्वारीच्या पिठाचे गोळे लावले, तेव्हा बारक्या माशांनी ते फोडून खाल्ले. ते दोन खेकडे त्याच खेपेचे, तेही लहान.

आता कोणी बांगडा लावा म्हणतं. बर्फातला बांगडा इथे महाग पडतो. गोड्या पाण्यातल्या खेकड्याला समुद्राच्या मासळीचा खरंच फरक पडतो का? ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी सांगा.

भीमाकाठ :
दुपारी चारला टाकता तिथंच चुकतंय बघा. चिलापी दिवसा चरते, डोळ्यानं बघून तोंड घालते. खेकडा अंधार पडल्यावर बिळातून निघतो. तो यायच्या आधीच तुमचं ताट रिकामं होतंय. पिंजरा दिवे लागणीला टाका आणि पहाटे उचला.

बांगड्याच्या नादी लागू नका. काठावर मासेवाल्याकडं कटल्याचं डोकं मागा, कल्ल्यासकट. कल्ल्यात रक्त असतं, तेच हळूहळू सुटतं. डोकं मधोमध चिरून तारेनं पक्कं बांधा. हाडाचं असल्यामुळं रात्रभर टिकतं, आतड्यासारखं विरघळत नाही. आणि जागा बदला. मऊ गाळात काय मिळणार? दगडाचा बांध नाहीतर काळ्या मातीची उभी दरड बघा, तिथं बिळं दिसतील.

खाडीवाला :
मी उरणचा. आम्ही खाडीत पगोळी, म्हणजे कड्याला बांधलेलं जाळं, लावून चिंबोऱ्या (खाडीतले खेकडे) धरतो. जात वेगळी असली तरी वासाचं गणित तेच. खेकड्याच्या डोळ्यांमध्ये दोन बारीक मिशा असतात, त्यांनी तो पाण्यातला वास टिपतो. आमच्याकडे भरती-ओहोटीचं पाणी वास घेऊन पसरतं, म्हणून तेलकट मासळी लांबून ओढते. तुमचं पाणी जवळजवळ उभं. तिथे आमिष कितीही भारी लावा, वास लांब जाणार नाही. पिंजराच बिळाजवळ न्यायला हवा. एखादा ओढा बॅकवॉटरला मिळत असेल तर त्याच्या तोंडाशी लावून बघा.

कुजवण्याचं म्हणाल तर आम्ही कधीच लावत नाही. खेकडा मेलेलं खातो, पण ताजं मेलेलं. एका रात्रीनंतर आमिष बदलायचंच, गरम पाण्यात तर नक्की. मासे खाऊन टाकत असतील तर प्लास्टिकची बरणी घ्या, तापवलेल्या खिळ्याने सगळीकडून भोकं पाडा आणि आमिष तिच्यात ठेवा. वास बाहेर येतो, माशाचं तोंड आत जात नाही. फक्त थोडंसं बरणीबाहेरही बांधा. खेकड्याला नांगीत धरायला काही मिळालं तर तो पिंजऱ्यात थांबतो.

माळरान :
एक कळकळीची विनंती. मांसाच्या आमिषाला कासवं येतात. कासव फुफ्फुसांनी श्वास घेतं, पाण्याखाली पिंजऱ्यात अडकलं की गुदमरून मरतं. मी एकदा असं मेलेलं काढलंय, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. पिंजऱ्यात वरच्या बाजूला तरंगण्यासाठी झाकण लावलेली रिकामी बाटली बांधा आणि पिंजरा इतक्या उथळ पाण्यात ठेवा की वरचा भाग उघडा राहील. रात्री एकदा जाऊन बघाच.

आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारलंय ना?

सीनाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. सोसायटीतल्या माणसांना मामा ओळखतात, त्यांना विचारूनच टाकतोय.

शनिवारी करून बघितलं. दोन्ही पिंजरे दगडी बांधाला, दहा पावलांच्या अंतराने, गुडघाभर पाण्यात, वर बाटली बांधून. एकात बरणीत कटल्याचं चिरलेलं डोकं आणि बाहेर कल्ल्याचा एक तुकडा. दुसऱ्यात कोंबडीच्या माना, उघड्याच बांधलेल्या. संध्याकाळी सातला टाकले, अकराला बॅटरी घेऊन गेलो. कटल्याच्या पिंजऱ्यात तेव्हाच चार होते. एक मोठा नर त्या कल्ल्याला जाड नांगीने आवळून बसला होता, पिंजरा पाण्याबाहेर काढला तरी सोडेना. पहाटे कटल्याचे सात, मानांचे दोन. मानांची कातडी माशांनी सोलून नेलेली, हाडं शिल्लक.

सातांतली एक मादी होती. पोटाखालचा रुंद पट्टा जरा उचलला तर आत ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं, पांढुरकी, एकमेकांवर चढलेली. वडीलच म्हणाले, तिला आधी सोड. दगडाच्या कपारीपाशी ठेवली, पट्टा आवळून आत गेली.

आता एकच अडचण. पुण्याकडे पाऊस झाला की इथे थेंब नसताना पाणी चढतं. धरण नुकतंच मृत साठ्यातून (तळाचं, एरवी न वापरता येणारं पाणी) वर, म्हणजे प्लसमध्ये आलंय, रोज काठ सरकतोय. रात्रीत पाणी चढलं तर पिंजरा बुडेल आणि कासवाचा धोका आलाच. यावर काय करता?

भीमाकाठ :
पाणी चढतंय तोवर रात्रभर ठेवूच नका. सातला टाका, अकराला उचला. तुम्हीच सांगितलं की, चार तेव्हाच आत होते. पाणी नवीन जमिनीवर चढतं तेव्हा खेकडाही काठाला चरायला येतो, तेवढ्या वेळात रश्श्यापुरते होतात. रस्सा मात्र चांगला उकळू द्या. अर्धकच्च्या खेकड्यातून फुफ्फुसाला लागणारे जंत माणसात येतात.

सीनाकाठ :
पटलं. या शनिवारी सात ते अकरा, दोन्ही पिंजऱ्यांत कटलाच. मासेवाल्याला दोन डोकी बाजूला ठेवायला सांगितलीत, कल्ले न काढता.