एन्सेफॅलोपथी : आजाराचं नाव की नुसतं वर्णन?

अक्षरवेडा : काकांच्या डिस्चार्ज कार्डावर 'हिपॅटिक एन्सेफॅलोपथी' लिहिलं होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ 'मेंदूज्वर' लावला आणि मुलांना त्यांच्या खोलीत जायची बंदी झाली. माझ्या मते हा शब्द पेशंटच्या कागदावर नकोच. ग्रीक 'एन्केफॅलोस' म्हणजे डोक्याच्या आतलं, अर्थात मेंदू. 'पॅथॉस' म्हणजे पीडा. थोडक्यात, मेंदूला काहीतरी झालंय. ते आम्हालाही दिसत होतं! सरळ 'मेंदूविकार' लिहा की.

रातपाळी : त्यानं गोंधळ वाढलाच असता. गाठ, फिट, पक्षाघात, सगळंच मेंदूविकारात बसतं. एन्सेफॅलोपथीत मेंदूचं एकूण कामच बिघडतं आणि मूळ दुखणं पुष्कळदा दुसरीकडे असतं. काकांचं यकृतात होतं, 'हिपॅटिक' म्हणजे यकृताचं. यकृताला अमोनियाचा निचरा जमेनासा झाला की तो रक्तातून मेंदूत पोचतो. अशा पेशंटला मी हात पुढे करून पंजे वर धरायला सांगते. पंजे पंखांसारखे फडफडत खाली पडतात. लॅक्टुलोज देऊन पोट साफ होत राहिलं की काल बायकोला न ओळखणारा माणूस आज चहा मागतो. मेंदूज्वर म्हणतात तो एन्सेफलायटिसला, तिथे मेंदूचा दाह असतो. (मेनिंजायटिसलाही सर्रास मेंदूज्वरच म्हणतात, तो आणखी वेगळा घोळ.)

तिरकस : शब्द चुकीचा नाही, आळशी आहे. बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं, वेर्निक एन्सेफॅलोपथी. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडला, तीही एन्सेफॅलोपथी. ब्रिटनमध्ये १९८६ साली गायींमध्ये ओळखला गेलेला मॅड काउ, तोही याच टोपलीत. कारण सापडलं नाही की नुसतं 'एन्सेफॅलोपथी' लिहून मोकळे.

रातपाळी : 'कावीळ' तरी काय आहे? तेही लक्षणच. कावीळ शब्द कोणी टाकून दिला का? कावीळ कशानं झाली ते विचारतो आपण, तसंच इथेही विचारायचं. मागचा शब्द कळला नाही तरी चालेल, पुढचं विशेषण वाचा.

अक्षरवेडा : म्हणजे आम्ही 'हिपॅटिक' सोडून भलत्याच शब्दावर भांडलो. तरी मराठीत काहीतरी हवंच. 'यकृतजन्य मेंदूबिघाड' कसं वाटतं?

रातपाळी : चालेल. बिघाड म्हटलं की दुरुस्तीची आशा तरी राहते.

तिरकस : प्रत्येक वेळी नाही. मॅड काउवर अजून औषध नाही.

अक्षरवेडा : काका गाय नाहीत हो.