शब्दचर्चा : कविता 'लावणे' म्हणतात का?

पोथीवाला
कोल्हापुरात आम्ही काही जण आठवी ते दहावीच्या पोरांसाठी कविता वाचायचा छोटा गट चालवतो, त्यासाठी 'कविता कशी वाचावी' असं दोन पानी पत्रक लिहायला घेतलंय. त्यात मी लिहिलं, "कविता आधी लावावी. क्रियापद कुठलं, कर्ता कोण, मधेच आलेला 'तो' म्हणजे नक्की कोण, एवढं लागलं की मग आवडली का नाही ते बोलावं." पुण्याच्या एका मैत्रिणीकडं प्रूफ बघायला पाठवलं, तर तिनं 'लावावी'वर काट मारून 'समजून घ्यावी' केलं आणि समासात लिहिलं, कविता लावत नाहीत, गाणी लावतात. आता आमचे आजोबा गारगोटीकडचे. श्रावणात पोथी वाचताना एखादी ओवी अडली की देवळातल्या बुवांना म्हणायचे, "एवढी लावून द्या." माझ्या कानाला समजून घेणं आणि लावणं ही एक गोष्ट नाही. समजलं असं नुसतं वाटूही शकतं, लावताना शब्दावर बोट ठेवावं लागतं. तर हे फक्त आमच्या भागातलं आहे का? आणि दुसरं, क्लोज रीडिंगला, म्हणजे एकेक शब्द धरून बारकाईनं वाचण्याला, बरा मराठी शब्द सुचवा, दुसऱ्या पानाचं शीर्षक अडलंय.

अनुस्वार
भागाचा काही संबंध नाही, मीही पुण्याचाच. अर्थ लावणे, अन्वय लावणे, संगती लावणे हे सगळं छापील मराठीत आहे. आमचे संस्कृतचे सर 'श्लोक लागला का?' असंच विचारायचे, आणि अक्षर लागत नाही, मोडी लागते का, हे तर अजून सगळे म्हणतात. मैत्रिणीला सांगा की लग्नंही लावतात :) मूळ एकच आहे, संस्कृत लग्, त्याचं लग्न, प्राकृतात लग्ग, आपलं लागणे. म्हणजे चिकटणे, जोडलं जाणे. कवितेत शब्द वृत्तासाठी किंवा जोर देण्यासाठी इकडचे तिकडे झालेले असतात, ते एकमेकांना जोडून बघायचे, म्हणजेच लावायचे.

पेठेतला
अहो पण पोरांच्यात घोळ होणार की. आमच्यात कादंबरी लागली म्हणजे बी.ए. भाग दोनला लागली, आणि एकदा लागली की तिला कोण वाचत नाही, गाईड वाचतात. वरनं 'मनाला लागलं' ते वेगळंच. 'मला ही कविता लागली' म्हटलं तर तीन अर्थ निघालेत, कळली, टोचली आणि सिलॅबसला आली. तिसरं झालं की पहिली दोन होत नाहीत हा आपला अनुभव.

मराठीच्या_बाई
@पेठेतला, शिक्षिका म्हणून हरकत घेते, पण अर्धीच. दहावीला कवितेचं रसग्रहण असतं, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, आणि मुलं प्रत्येकाची दोन-दोन वाक्यं पाठ करूनच येतात. 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत भाव व्यक्त केला आहे' हे वाक्य कुठल्याही कवितेला बसतं. मी वर्गात एकाला म्हटलं, समर्पक शब्द कुठला त्यावर बोट ठेव. बराच वेळ पुस्तकाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, सगळेच." त्यात त्याची चूक नाही, त्याला कुणी एक शब्द धरून बसायला शिकवलंच नाही. 'रसग्रहण' हा शब्द मला आवडतो (ग्रहणाचा विनोद कृपया नको, तो दर बॅचला होतो), पण आमच्याकडं तो प्रश्नपत्रिकेचाच शब्द होऊन बसलाय. त्यापेक्षा तुमचं 'लावणे' बरं. त्यात काहीतरी करायला लागतं.

शुद्धमराठी
क्लोज रीडिंगसाठी 'सूक्ष्मवाचन' किंवा 'निकटवाचन' असे सुटसुटीत शब्द सहज घडवता येतात. शिवाय मराठी शब्दाची चर्चा करणाऱ्या धाग्यात प्रूफ, गाईड, सिलॅबस, बॅच! मुद्रित, मार्गदर्शिका, अभ्यासक्रम, तुकडी हे शब्द जिवंत आहेत, वापरले तर.

उद्यमनगरी
निकटवाचन म्हणजे पुस्तक नाकाला लावून वाचालाय असं वाटतंय सर. आणि शब्द घडवायचा कशाला, आहे की आपल्याकडं. इस्कटून वाचणे! 'जरा इस्कटून सांग की' असं निम्मा जिल्हा रोज म्हणतोय. इंजिन इस्कटल्याबिगर आवाज कुठनं येतोय ते कळत नाही, तसंच हे. एक एक पार्ट काढून बघायचा, हा इथं का, हा नसता तर चाललं असतं का. माझ्या मते ह्याच्यापेक्षा चांगला शब्द सापडणार नाही.

शुद्धमराठी
विस्कटणे या क्रियापदाचे सगळे अर्थ नासाडीचे आहेत. केस विस्कटतात, घडी विस्कटते, संसार विस्कटतो. मुलांना कविता विस्कटायला शिकवायचं आहे का? आणि इंजिन खोलणारा ते परत जोडतो, हे विसरू नका.

अनुस्वार
शब्दाच्या पोटात नासाडी आहे म्हणून तो बाद करायचा असेल तर 'विश्लेषण'सुद्धा बाद करा. श्लिष् म्हणजे बिलगणे, श्लेष म्हणजे आलिंगन, आणि वि लागलं की ती मिठी सोडवणे. 'व्याकरण'ही तसंच, वि + आ + कृ, सुटं सुटं करणे. दोन्ही इस्कटणंच, फक्त संस्कृतात आहे म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मला वाटतं पोथीवाल्यांच्या पत्रकात दोन्ही लागतील, आधी इस्कटणे, मग लावणे.

उद्यमनगरी
@अनुस्वार नाद खुळा! विश्लेषण म्हणजे मिठी सोडवणे हे माहीत नव्हतं.

पोथीवाला
लावणं का लागतं ते एका ओवीवरून सांगतो, पत्रकातही हेच उदाहरण घेतलंय. ज्ञानेश्वरीचा शेवट,

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंद बाबा आदरें । लेखकु जाहला ॥

गटातल्या एका पोरानं वाचून लगेच विचारलं, ज्ञानेश्वरांनी कुणावर टीका केली आणि पुस्तक जर सच्चिदानंद बाबांनी लिहिलं तर नाव ज्ञानेश्वरांचं कसं? प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, कारण एकही शब्द अनोळखी नाही आणि अर्थ मात्र उलटा निघतोय. टीका म्हणजे इथं गीतेवरचं विवरण, लेखकु म्हणजे ऐकून उतरवून घेणारा. बारोत्तरें म्हणजे वर बारा, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. एवढं लागलं की मग 'आदरें' दिसतं. आधी कुणालाच दिसलेलं नसतं! सांगणारा एक आणि उतरवणारा एक, आणि त्या उतरवणाऱ्याचं नाव आदरासकट ग्रंथात आलंय. आता ह्याला कुणी रसग्रहण म्हणा नाहीतर काय म्हणा, पण लेखकु अडलेला असताना 'आदरें'पर्यंत पोचता येत नाही.

काकडा
चांगलं उदाहरण आहे पण मला हे सगळं जरा हुशारीचं वाटतं. माझी आजी सही करण्यापुरतं लिहायची. अभंग म्हणताना एका ठरावीक चरणाला तिचा आवाज फुटायचा, दर वेळी तिथंच. अर्थ विचारला तर म्हणायची, "मला काय ठावं, बरं वाटतंय." तिनं कुठं कर्ता-क्रियापद लावलं होतं? आणि गाईड वाचून सगळं लावलेल्यांच्या डोळ्यात मी कधी पाणी बघितलं नाही. आधी लावा मग आवडून घ्या, हा क्रमच उलटा आहे. आवडलं तर माणूस लावतो.

मराठीच्या_बाई
हे मात्र खरं आहे काकडा. वर्गातही आधी नुसती मोठ्यानं वाचली, चालीत म्हटली, तर पुढचं सोपं जातं. घाईनं अर्थ सांगायला घेतला की पोरं खिडकीबाहेर.

अनुस्वार
संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्तानं 'सहृदय', म्हणजे खरा रसिक, कोण ते सांगितलंय त्यात आजी बसते. काव्याच्या अनुशीलनाच्या अभ्यासानं ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालाय आणि जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. अभ्यास म्हणजे इथं परीक्षेचा नव्हे, पुन्हा पुन्हा करणं. वर्षानुवर्षं काकडा आणि कीर्तन ऐकणं हाही अभ्यासच. कीर्तनकार एकच चरण धरून अर्धी रात्र निरूपण करतात, ते इस्कटूनच सांगणं असतं. आजीनं ऐकता ऐकता लावलं, तिला ते मांडून सांगता आलं नाही इतकंच.

काकडा
म्हणजे आजीला पण शेवटी अभिनवगुप्ताचं सर्टिफिकेट लागलंच.

पेठेतला
😂 हे पण 'लागलं'च बघा. चौथा अर्थ.

शुद्धमराठी
चर्चा भरकटते आहे. तन्मयता, आस्वाद, रसग्रहण असे नेमके शब्द असताना बोली कशाला हवी ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

उद्यमनगरी
आस्वाद कोण म्हणतंय सर घरात? आम्ही दाद देतो. देवल क्लबला गाणं ऐकताना 'आस्वाद' म्हणून कोण ओरडत नाही. काकडाच्या आजीनं त्या चरणाला दाद दिली, विषय संपला.

शुद्धमराठी
दाद फारसी आहे.

पेठेतला
आणि हिंदीत नायटा.

जुनी_पेठ
इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवेना. फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो आणि गवयाला दाद देतो, दोन्हीकडं शब्द तोच. माझ्या मते वाचकाला 'आस्वाद'पेक्षा हा शब्द जास्त मानाचा आहे. आस्वाद घेणारा घेऊन मोकळा होतो, दाद देणाऱ्याला कवीचं म्हणणं आधी पुरतं ऐकून घ्यावं लागतं, मग निकाल. आणि शुद्धमराठी सर, फारसीवर बोलताना ह्याच गावातलं एक नाव आठवावं. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, इथं राजाराम कॉलेजात शिकवायचे. त्यांनीच १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला आणि त्यांनीच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परके शब्द गाळायची बाजू मांडली. आधी शब्द पुरता ओळखला, मग काढा म्हणाले. आपण ओळख होण्याआधीच काढालोय.

शुद्धमराठी
त्यांचं नाव माझ्याच बाजूनं पडतं, धन्यवाद.

जुनी_पेठ
निम्मंच पडतंय.

पोथीवाला
मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. 'लावावी' ठेवू का काढू? आणि शीर्षक?

उद्यमनगरी
इस्कटून वाचा. उद्गारचिन्ह टाक भावा.

शुद्धमराठी
सूक्ष्मवाचन.

पेठेतला
दाद म्हणजे न्याय असेल तर फिर्याद म्हणजे 'फिरून दाद' म्हणायचं का? म्हणजे खालच्या कोर्टात हरल्यावर परत मागायची ती. 'दाद ना फिर्याद' बरोबरच येतंय की दोन्ही.

अनुस्वार
नाही हो. फिर्याद हा फारसी फर्याद, त्याचा अर्थ आक्रोश, हाक. त्यात दाद नाहीच, शेवटी 'याद' आहे, नीट बघा.

पेठेतला
मग याद म्हणजे आठवण का?

जुनी_पेठ
नाही! तीही नव्हे. नुसतं कानाला जुळतंय म्हणून नातं लावू नका राव.

पेठेतला
नातं पण लावतात म्हणा की मग.