भाषांतर, अनुवाद की रूपांतर? : रॉबर्ट ब्लाय यांचा कबीर

प्रश्न : अमेरिकी कवी रॉबर्ट ब्लाय (१९२६–२०२१) यांच्यावरील टिपणात मी त्यांना 'कवी, संपादक व अनुवादक' म्हटले आहे. परंतु कबीराची मूळ भाषा येत नसताना त्यांनी कबीराची पदे इंग्रजीत आणली. त्या कामाला अनुवाद म्हणावे की भाषांतर?

उत्तर : माझ्या मते कबीराच्या बाबतीत दोन्ही शब्द अपुरे आहेत. 'अनुवाद' म्हणजे आधी कोणी बोलले असेल ते त्याच्यामागून पुन्हा बोलणे. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांतही विधीने, म्हणजे वेदातील आज्ञेने, सांगितलेल्याच्या पुनःकथनाला हाच शब्द आहे. तेव्हा पहिला बोल स्वतः ऐकलेला असणे ही त्या शब्दाची अटच आहे. ही अट ब्लाय यांनी इतरत्र उत्तम पाळली. स्वीडिश कवी टॉमास ट्रान्सट्रोमर यांच्या कविता त्यांनी मुळातून इंग्रजीत आणल्या आणि एकेका ओळीविषयी त्या कवीशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला. अनुवादाच्या आठ पायऱ्या सांगणारा त्यांचा निबंध तर आपल्याकडे प्रत्येक अनुवादकाने वाचावा असा आहे. जर्मन कवी रिल्केचे एक सुनीत घेऊन ते पहिल्या पायरीवर शब्दशः मसुदा करतात, पुढे तो बोलीच्या अमेरिकी इंग्रजीत आणतात, आणि शेवटच्या मसुद्याआधी मूळ कवितेची भाषा जन्मापासून बोलणाऱ्या माणसाकडून सारे तपासून घेतात. यातील पहिली पायरी म्हणजे भाषांतर, आणि सगळ्या पायऱ्या मिळून अनुवाद, असा भेद मला योग्य वाटतो.

कबीराच्या ४४ कवितांचे त्यांचे पुस्तक १९७७ साली आले. त्याचा आधार होता रवींद्रनाथ ठाकुरांनी एव्हलिन अंडरहिल यांच्या साहाय्याने केलेला इंग्रजी अनुवाद, आणि त्यामागे क्षितिमोहन सेन यांचे कबीराच्या पदांचे संकलन. ब्लाय यांना रवींद्रनाथांची इंग्रजी जुन्या वळणाची वाटली व त्यांनी ती बोलती केली; म्हणजे पहिल्या पायऱ्या दुसऱ्यांनी चढलेल्या होत्या. 'भावानुवाद' म्हणण्याचा मोह होईल, पण त्यातही मूळ वाचल्याचे गृहीत धरलेले असते. म्हणून 'रवींद्रनाथकृत अनुवादाची रूपांतरे' असे लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही, कारण कित्येक अमेरिकी वाचकांना कबीर ब्लाय यांच्यामुळेच भेटला.

'संपादक' हा शब्द मात्र निःशंक ठेवा. १९५६ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर नॉर्वेत गेल्यावर नेरुदा, व्हायेहो यांसारखे स्पॅनिश भाषेतील कवी त्यांच्या हाती लागले आणि १९५८ साली त्यांनी विल्यम डफी यांच्यासह 'द फिफ्टीज' हे नियतकालिक काढले, जे पुढच्या दशकांत 'द सिक्स्टीज' आणि 'द सेव्हंटीज' झाले. 'विश्वास संपादन करणे' यात संपादनाचा मिळवणे हा जो अर्थ आपण जपला आहे, तोही इथे लागू पडतो, कारण त्यांनी आपल्या वाचकांसाठी परभाषेतील कवी मिळवले.

प्रश्न : मग गालिबच्या गझलांचे काय?

उत्तर : १९९९ सालचे ते पुस्तक त्यांनी सुनील दत्ता यांच्याबरोबर केले आणि उर्दूची बाजू दत्ता यांनी सांभाळली. तिथे 'सहअनुवाद' लिहावे.