१२ इंची सबवूफर, पोर्टेड बॉक्स: एकच सूर घुमतो आणि पाइप फुसफुसतो. ट्युनिंग कुठे चुकलं?

सिडको_हॅचबॅक

नमस्कार मंडळी. हॅचबॅकच्या डिकीत १२ इंची सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) बसवलाय. सोबतच्या कागदावरचे आकडे: ४ ओहम, ३०० वॉट आरएमएस, एफएस (सबवूफरची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या) २९ हर्ट्झ, क्यूटीएस (ती कंपनं किती आवरली जातात त्याचा आकडा) ०.४५, व्हीएएस (त्याच्या पडद्याइतकी लवचिक हवा) ५५ लिटर. पोर्टेड बॉक्ससाठी (ज्यात हवेला पाइप किंवा खाच, म्हणजे पोर्ट, असतो) आत ५० लिटर हवा आणि ३३ हर्ट्झ ट्युनिंग (ज्या सुराला पोर्टमधली हवा सर्वांत जोरात हलते तो आकडा) दिलंय. सुताराकडून १८ मिमी एमडीएफचा बॉक्स करून घेतला, बाहेरून ७० × ३६ × ३३ सेंमी. पोर्ट म्हणून समोरच्या फळीत ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, लांबी १५ सेंमी. त्याहून लांब घेतला तर पाइपचं आतलं तोंड मागच्या फळीच्या फार जवळ जातं.

गाणं कुठलंही लावा, एकच सूर घुमतो. नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं की ठोके सुटे येत नाहीत, सगळा नुसता गुंगाट. अगदी खालच्या बेसला कोन (सबवूफरचा पडदा) भरपूर हलतो, पण आवाज निघत नाही. आणि आवाज वाढवला की पाइपातून फस्स-फस्स. ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) १२० हर्ट्झ, बास बूस्ट ६ डीबी, सबसॉनिक (फार खालचे सूर कापणारा फिल्टर) बंद. एकाने बॉक्सच्या आत फायबर (कापसासारखं भरण) भरायला सांगितलंय. भरू का?

सातपूर_राउटर

फायबर भरू नका. सबवूफर आणि ॲम्प दोन्ही ठीक दिसतात, बॉक्स ४४ हर्ट्झला ट्यून झालाय. हिशेब मांडतो.

आतली मापं ६६.४ × ३२.४ × २९.४ सेंमी, म्हणजे ६३.२ लिटर. त्यातून सबवूफरने व्यापलेली जागा साधारण २.८ लिटर, आडव्या आधारपट्टीचे अर्धा लिटर आणि पाइपचे १.४ लिटर वजा करा. उरली ५८.५ लिटर हवा. ट्युनिंग या उरलेल्या हवेवर ठरतं, बाहेरच्या मापावर नाही. ११० हा पाइपचा बाहेरचा व्यास, आतून तो १०.५ सेंमीच्या आसपास भरतो.

सूत्र: लांबी = २३५६२ × व्यास × व्यास ÷ (ट्युनिंग × ट्युनिंग × लिटर) − ०.७३ × व्यास. मापं सेंटीमीटरमध्ये. शेवटची वजाबाकी यासाठी, की पाइपच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवासुद्धा आतल्या हवेबरोबर हलते, त्यामुळे पाइप आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो. उलटं सोडवलं की १५ सेंमीला ४४ हर्ट्झ येतात. ३३ हवे असतील तर पाइप ३४ सेंमीचा लागतो.

४४ ला पोर्ट जोर धरतो आणि गाडीची बंद केबिन खालचे सूर मुळातच उचलते. दोन्ही एकाच जागी आले की एक सूर बाकीच्यांना गिळून टाकतो. ट्युनिंगच्या खाली पोर्ट म्हणजे नुसतं भोक. कोनामागे हवेची उशी राहत नाही, म्हणून तो मोकाट हलतो. सबसॉनिक बंद ठेवून वर ६ डीबी बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात चौपट ताकद. बूस्ट आजच शून्यावर आणा, नाहीतर कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) मागे आपटेल.

खात्री करायची असेल तर पाइपात जुनी चादर घट्ट कोंबा आणि मध्यम आवाजात तेच ढोलाचं रेकॉर्डिंग लावा. गुंगाट गेला आणि ठोके सुटे झाले की दोष पोर्टचाच. चादर कोंबून जोरात मात्र वाजवू नका.

पंचवटी_बेस

वरचा हिशेब बरोबर आहे, पण फक्त पाइप लांब केल्याने फसफस जाणार नाही. १०.५ सेंमी व्यासाचं क्षेत्रफळ ८६ चौ. सेंमी. ३०० वॉटला ट्युनिंगच्या आसपास या पाइपातली हवा सेकंदाला २५ मीटरच्या घरात जाते. १७ च्या आत राहिली तर कानाला काहीच कळत नाही. रस्त्याच्या आवाजात २० पर्यंत खपतं, त्यापुढे फसफस ठरलेली.

मग दोन पाइप घालू म्हणाल, तर क्षेत्रफळ दुप्पट झालं की त्याच ट्युनिंगला लांबीही दुपटीहून जास्त लागते. दोन्ही पाइप मिळून इतकी जागा खातात की या मापात तो बॉक्स होतच नाही. क्षेत्रफळ, लांबी आणि लिटर यांतलं एक वाढवलं की उरलेल्या दोघांना किंमत मोजावी लागते.

तुमच्या बाहेरच्या मापातच बसणारा स्लॉट पोर्ट (गोल पाइपाऐवजी फळ्यांमधली चपटी वाट) देतो. रुंदी ४ सेंमी, उंची आतली पूर्ण ३२.४, क्षेत्रफळ १३० चौ. सेंमी. वेग १७ च्या आसपास येईल. रुंदी-उंचीचं प्रमाण १ ला ८ झालंय, याहून चपटा स्लॉट करू नका, भिंतींना घासूनच हवेचा जोर जातो. ३४ हर्ट्झसाठी मधल्या रेषेवर लांबी ६० सेंमी. पोर्ट आणि त्याच्या फळ्या मिळून १०.६ लिटर जातात, म्हणजे निव्वळ हवा ४९.३ लिटर. कागदावरच्या ५० च्या जवळच आहे.

कापायचं असं: ७० × ३६ च्या दोन (समोर, मागे), ७० × २९.४ च्या दोन (वर, खाली), ३२.४ × २९.४ च्या दोन बाजू. पोर्टसाठी ३२.४ × २३.६ ची एक आणि ३२.४ × २८.८ ची एक. समोरच्या फळीत बाजूच्या कडेपासून १.८ सेंमी सोडून ४ × ३२.४ ची खाच. २३.६ ची फळी खाचेच्या कडेने आत मागे जाते, २८.८ ची तिला काटकोनात जोडून मागच्या फळीला समांतर, ४ सेंमी अंतर ठेवून. सबवूफरमागे २३.६ सेंमी खोली उरते, १२ इंचीला पुरते. समोरची फळी दुहेरी करायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, पोर्ट तिथेच १.८ सेंमीने लांबतो.

स्लॉट भिंतीला चिकटून असल्याने प्रत्यक्ष ट्युनिंग गणितापेक्षा एक-दोन हर्ट्झ खाली येतं. म्हणून २८.८ ची फळी आधी २६ चीच लावा. मोजल्यावर ट्युनिंग ३४ च्या वर निघालं तर टोकाला पट्टी जोडा, हात सबवूफरच्या भोकातून जातो. ३ सेंमीला साधारण पाऊण हर्ट्झचा फरक पडतो. अर्ध्या हर्ट्झच्या मागे लागू नका. हवा २० अंशांवरून ४० वर गेली की ३४ चे ३५ असेही होतात, आणि मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडी त्याहून तापते.

गंगापूर_रोड

मुख्यतः ढोल-ताशाच ऐकायचा असेल तर ३० लिटरच्या बंद बॉक्सचाही विचार करा. या सबवूफरला क्यूटीसी (बंद बॉक्समध्ये बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.७६ येतो, ठोका कोरडा आणि नेमका. ४० हर्ट्झच्या खालचा भरीव आवाज मात्र कमी होईल, आणि तिथे तेवढाच आवाज काढायला ताकद बरीच जास्त लागेल.

सिडको_हॅचबॅक

चादरीचा प्रयोग केला, गुंगाट खरंच गेला. खालचा बेसही हवाय, म्हणून स्लॉटच करतो. एमडीएफ घेऊ की प्लाय? आणि ट्युनिंग घरी कसं मोजायचं?

सातपूर_राउटर

एमडीएफ घ्यायला हरकत नाही, पण नाशिकचा पावसाळा आणि डिकीतली ओल लक्षात घेता कापलेल्या कडांना दोन हात सीलर हवाच. कड पाणी पिऊन फुगली की सांधा उघडतो. आयएस ७१० चा मरीन प्लाय महाग पडतो, पण बेफिकीर राहता येतं. काप पॅनल सॉवर किंवा राउटरवर करून घ्या, हातकरवतीने २ मिमीचा फरक पडला की शिट्टी वाजते. स्क्रूआधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर एमडीएफची कड चिरते. आतल्या सांध्यांवर सिलिकॉन ओढलं तर २४ तास वाळू द्या आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावरच सबवूफर बसवा. ती वाफ टर्मिनल गंजवते.

गळती तपासायला पोर्टचं तोंड फळीने दाबून धरा आणि कोन सावकाश आत ढकलून सोडा. हळू परत आला तर बॉक्स ठीक, पटकन आला तर कुठेतरी फट आहे.

ट्युनिंग मोजायला ॲम्प आणि सबवूफरच्या मध्ये १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर एका तारेत घाला. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून सबवूफरच्या दोन टोकांना लावा. आवाज अगदी कमी. फोनवरच्या टोन जनरेटरने २० ते ७० हर्ट्झ एकेक करत जा आणि आकडे वहीत लिहा. व्होल्टेज दोनदा चढेल, मधल्या खड्ड्याचा तळ म्हणजे ट्युनिंग. साधा मीटर इतक्या खाली नेमका आकडा देत नाही, पण तळ कुठे आहे ते बरोबर दाखवतो. पडताळा म्हणून रेझिस्टर काढा, डस्ट कॅपवर (कोनाच्या मधल्या टोपीवर) खडूचा ठिपका द्या आणि तोच टोन थोडा वाढवून वाजवा. ठिपका जवळजवळ स्थिर आणि पोर्टसमोर धरलेला कागद सर्वांत जास्त फडफडतो, तीच जागा.

पंचवटी_बेस

ॲम्पची सेटिंग्ज: सबसॉनिक २८, लो-पास ७५ ते ८०, बूस्ट शून्य. गेन (ॲम्पची इनपुट पातळी) लावताना सबवूफरची तार काढा, हेड युनिट (गाडीचा स्टिरिओ) पाऊण आवाजावर ठेवा, पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला ५० हर्ट्झचा टोन लावा आणि ॲम्पच्या आउटपुटवर ३४ व्होल्ट एसी येईपर्यंत गेन वाढवून थांबा. ४ ओहमला ३०० वॉट म्हणजे ३४.६ व्होल्ट.

आत फायबर नकोच. फार तर मागच्या फळीला इंचभर जाड थर चिकटवा, पण पोर्टच्या आतल्या तोंडापासून १५ सेंमी लांब. बॉक्स डिकीत ठेवताना पोर्टसमोर निदान १० सेंमी मोकळी जागा ठेवा. दार लावल्यावर तोंड झाकलं गेलं तर ट्युनिंग पुन्हा खाली सरकतं. आणि नंबर प्लेटमागे फोमची टेप लावा, निम्मी खडखड तिथली असते.