हेलिकॉप्टर टेकऑफलाच पडलं तर चौकशीत नेमकं बघतात काय?

भटक्या_लातूर: २०१७ चा निलंग्याचा अपघात आठवतोय ना, २५ मे, फडणवीस मुख्यमंत्री होते, त्यांचं सिकॉर्स्की कंपनीचं हेलिकॉप्टर उडालं आणि लगेच तारांत अडकून खाली, नशीब बलवत्तर म्हणून आतले सगळे वाचले. टीव्हीवर दिवसभर एकच, वारा फिरला नि तारा आल्या. मग एएआयबीवाले, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था, आणखी शोधतात काय, ब्लॅक बॉक्स ऐकला की झालं ना?

रोटरवेडा: तारा शेवटी आल्या हो. आधी हे बघायचं की ते तारांच्या वर का नाही गेलं. मे महिन्यातलं ऊन, त्यात लातूरकडचा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे हवा विरळ, पात्यांना उचल कमी आणि इंजिनाचीही ताकद उतरते. म्हणून अशा केसमध्ये लोडशीट लगेच ताब्यात घेतात, माणसं किती बॅगा किती इंधन किती, आणि मॅन्युअलमधला चार्ट त्या तापमानाला किती वजन चालेल म्हणतो. बॅगांचं वजन पुष्कळदा अंदाजपंचेच असतं 😑

मीनल_के: त्यात ग्राउंड इफेक्ट पण धरा. जमिनीलगत हॉवर, म्हणजे एका जागी तरंगणं, छान होतो कारण खाली ढकललेली हवा जमीन अडवते, साधारण रोटरच्या, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांच्या, व्यासाएवढं वर गेलं की तो आधार जातो, पुढे पंधरा-वीस नॉटचा वेग पकडला की परत लिफ्ट मिळते. या मधल्या टप्प्यात वारा पाठीमागून आला तर कल्याणच! आणि तालुक्याच्या ठिकाणचं तात्पुरतं हेलिपॅड म्हणजे चुन्याचा एच, आजूबाजूला खांब, आणि पाणी नीट मारलं नसेल तर धुरळ्यात पायलटला समोरचं काही दिसत नाही.

भटक्या_लातूर: म्हणजे शेवटी पायलटवरच ढकलणार?

रोटरवेडा: नाही रे, आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या अॅनेक्स १३ या नियमावलीप्रमाणे ही चौकशी दोष द्यायला नसतेच, पोलिसांचं काम वेगळं. आणि ब्लॅक बॉक्समध्ये नुसतं बोलणं नसतं, कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमधल्या घरघरीवरून सुद्धा रोटरचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, काढता येतात, ते पडत गेले असतील तर पॉवर कमी पडली हे कळतं, मग इंजिनात बिघाड होता का वजनच जास्त झालं ते वेगळं शोधायचं. रिपोर्ट एएआयबीच्या साइटवर टाकतात, वाचायला घेतलास तर वजनाचा तक्ता आणि हवामानाचं पान शेजारी शेजारी उघडून वाच.