मदत हवी आहे : अमेरिकेतले बंदुकीचे बळी आणि युद्धातले बळी, आकडा कुठला धरायचा?

घाईत_आई
लेकीची उद्या सकाळी शाळेत डिबेट आहे. तिच्या विषयात वाक्य आहे की घरच्या बंदुकांनी गेलेली माणसं सगळ्या युद्धांत गेलेल्यांपेक्षा जास्त. मला तीन आकडे मिळालेत : १७,९२७, ४६,७२८ आणि पंधरा लाखांच्या वर. यातला खरा कुठला? ती साडेदहाला झोपते, तेव्हा लवकर सांगा. गूगल करा असं सांगू नका, तेच करून दमून इथे आलेय.

खडूस_काका
देश कुठला? कधीपासून? ‘घरच्या’ म्हणजे घरात की देशात? आमच्या वेळी प्रश्न विचारतानाही मार्क कापायचे.

घाईत_आई
काका, अमेरिका हो! देशात. युद्धं सगळी, त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धापासून.

आकडेमोड
तिन्ही खरे आहेत, मोजलेल्या गोष्टी वेगळ्या. ४६,७२८ हे २०२३ या एका वर्षातले बंदुकीचे सगळे मृत्यू. मृत्यूच्या दाखल्यांवर डॉक्टर किंवा कोरोनर (संशयास्पद मृत्यू तपासणारा अधिकारी) कारण लिहितात, ते सीडीसीकडे, म्हणजे त्यांच्या केंद्रीय आरोग्य संस्थेकडे गोळा होतं. त्यात खून १७,९२७ आणि आत्महत्या २७,३००. बाकी अपघात, पोलिसांच्या गोळीने गेलेले आणि कारण न ठरलेले. पंधरा लाखवाला आकडा १९६८ पासूनची बेरीज आहे. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी या नेत्यांच्या हत्यांचं ते साल, म्हणून तिथून मोजायची पद्धत पडली. स्तंभलेखक निकोलस क्रिस्टॉफ यांनी २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये हीच तुलना केली होती.

टेक्सासचा_पाव्हणा
आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे बंदूक आहे, वीस वर्षांत फटाकासुद्धा वाजला नाही. निम्म्याहून जास्त आत्महत्या असतील तर त्या कशाला मोजायच्या? लोकांना घाबरवायला?

आकडेमोड
मेलेला माणूस मेलाच ना? शिवाय इराक-अफगाणिस्तानातल्या सैनिकांच्या आत्महत्या पेंटागॉनच्या मृत्यूंच्या यादीत असतात. त्या तिथे चालतात, मग इथेच का नको?

टेक्सासचा_पाव्हणा
तुलना खुनाशी हवी. शत्रू मारतो ते युद्ध.

खडूस_काका
शत्रू मारतो ते युद्ध? पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे १,१६,५१६ गेले, त्यात लढाईत ५३,४०२. उरलेल्यांत बहुतेक रोगाने, फ्लूने तर कहर केला. यादवी युद्धातही रोगानेच जास्त खाल्ले. एकीकडे हगवण धरायची आणि दुसरीकडे आत्महत्या वगळायच्या, हे चालणार नाही.

शब्दच्छल
मूळ इंग्रजीत ‘कॅज्युअल्टी’ शब्द आहे का? त्यात जखमी, बेपत्ता, कैदी सगळे येतात. आपल्याकडे ‘हताहत’ म्हणजे हत अधिक आहत, किती नेमका शब्द! वर्तमानपत्रवाले हल्ली सर्रास ‘मृत’ छापतात. परवा एका मथळ्यात तर...

घाईत_आई
मथळा नंतर! तिच्या कागदावर ‘डेथ्स’ आहे.

जुनी_वही
युद्धाचा आकडाही दगडावरची रेघ नाही. वॉशिंग्टनच्या कोरियन युद्ध स्मारकावर ५४,२४६ कोरलंय. त्या काळात जगभर कुठेही वारलेले सैनिक त्यात धरले होते. प्रत्यक्ष कोरियात गेले ३६,५७४. यादवी युद्धाचा जुना आकडा ६,२०,०००, पण डेव्हिड हॅकर या इतिहासकाराने २०११ मध्ये जनगणनेवरून सुमारे साडेसात लाख काढला. दुसरं महायुद्ध ४,०५,३९९, व्हिएतनाम ५८,२२०. मोठी युद्धं मिळूनच बारा-साडेतेरा लाख होतात.

वरणभात
भारतात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ गेले. कारगिलमध्ये ५२७. यावर कोणी डिबेट ठेवत नाही.

खडूस_काका
ठेवा तुम्ही. वेगळा धागा काढून.

घाईत_आई
थांबा, सांगायचं राहिलं. ती विरोधी बाजूला आहे. तिला ते वाक्य खोडायचंय.

आकडेमोड
अहो ताई, हे आधी सांगायचं ना! अर्धा तास मी उलट्या बाजूने टाइप करतोय.

जुनी_वही
मग तिने बेरीज चुकली म्हणू नये, बेरीज बरोबर आहे. तिने विचारावं की ‘बंदुकीचे मृत्यू’ म्हणताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय येतं? खून. आणि नुसते खून धरले तर १९६८ पासूनची बेरीज युद्धांच्या खाली राहते. दुसरं, सैन्य म्हणजे मूठभर माणसं आणि देश तेहतीस कोटींचा, म्हणून लाखामागे दर काढायला लावावा. २०२१ मध्ये ४८,८३० गेले, तो संख्येचा उच्चांक. पण दर लाखामागे पंधराच्या आत, १९७४ मध्ये तो सोळाच्या वर होता.

आकडेमोड
दर काढला की पाव्हण्यांचीही पंचाईत होते. मूठभर सैन्यात मेलेले आणि घरी बसलेले यांची तुलनाच उरत नाही. आणि समोरचा ‘आत्महत्या म्हणजे मृत्यू नाही का’ असं विचारणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा.

टेक्सासचा_पाव्हणा
मी आधीच म्हणालो होतो खून वेगळे काढा.

आकडेमोड
तुम्ही ‘कशाला मोजायच्या’ म्हणाला होतात. जुनी वही म्हणतेय मोजा, पण वेगळ्या रकान्यात.

घाईत_आई
दर आणि रकाना, दोन्ही तिने लिहून घेतलं. पावणेअकरा झाले, अजून जागीच आहे. विचारतेय की एफबीआयचा आकडा सीडीसीपेक्षा कमी का?

आकडेमोड
त्यांच्याकडे फक्त पोलिसांनी कळवलेले गुन्हे जातात, आत्महत्या नाहीत. २०२१ मध्ये नोंदीची पद्धत बदलली तेव्हा कित्येक ठाण्यांनी आकडेच पाठवले नव्हते. आता झोपवा तिला.

वरणभात
कुणाला भारतात बंदुकीचा परवाना कसा काढतात ते माहीत आहे का? मामांच्या शेतात डुकरं येतात.