मदत हवी आहे: गूगलच्या अँड्रॉइड टीव्ही तडजोडीनंतर भरपाई मागता येते का?

नमस्कार मंडळी. बडोद्यात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, शनिवारी वर्गात यावर बोलायचंय. २०२१ची रोकू (टीव्हीवर ऑनलाइन व्हिडिओ दाखवणारी उपकरणं बनवणारी अमेरिकी कंपनी) आणि गूगल यांची जुंपाजुंपी वाचून झालीय: एप्रिलअखेर रोकूच्या स्टोअरमधून यूट्यूब टीव्ही गेलं, डिसेंबरात समेट. (हे आपलं नेहमीचं यूट्यूब नव्हे, अमेरिकेतली केबलसारखी पैसे भरून घ्यायची सेवा. माझाही आधी घोळ झाला होता.) अडलंय भारतात. स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५मध्ये अँड्रॉइड टीव्ही (स्मार्ट टीव्हीसाठीची गूगलची प्रणाली) प्रकरणात गूगलची २०.२४ कोटी रुपयांची तडजोड मंजूर केली. प्ले स्टोअरचा परवाना टीव्ही कंपन्यांना आता सुटा, म्हणजे गूगलची बाकी अ‍ॅप्स घ्यायची सक्ती नसता, मिळणार. बातम्या भरपूर वाचल्यात, त्यांच्या लिंक नकोत, कलम हवंय. दंड नाही, तडजोडच झाली, तर एखाद्या टीव्ही कंपनीला आधीच्या नुकसानीची भरपाई मागता येते का, आणि कुणाकडे?